डब्यातल्या जास्वंदीची नोंद

"ते खाली ठेव. वर आणू नकोस. चाळीतल्या झाडांना कीड असते."

काकू लिफ्टच्या दाराशी उभ्या होत्या. माझ्या हातात रंगाचा रिकामा डबा होता, माती भरलेला, आणि त्यात आमच्या घरच्या लाल जास्वंदीचं वीतभर रोप. परळहून दादरपर्यंत तो डबा मी बसमध्ये मांडीवर घेऊन आले होते. मी जिथे माळीकाम करायचे त्या सरांच्या गच्चीत पंचवीसेक तऱ्हेच्या जास्वंदी होत्या, सगळ्या बाहेरून मागवलेल्या. साधी लाल नव्हती. मला वाटलं, आपली एक असू दे. भेट म्हणून आणली होती.

काकूंनी वॉचमनला हाक मारली. त्याने डब्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळलं आणि डबा जिन्याखाली नेऊन ठेवला. कागद कशाला, तर हात लागू नये म्हणून. मग काकू मला म्हणाल्या, "तूपण हात धुऊन ये वर. साबणाने."

मी धुतले. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी नाही म्हटल्याचं सांगणार आहे, पण त्या दिवशी मी गुपचूप हात धुतले होते. दोनदा.

कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. पांढरा, कापसाच्या बोळ्यासारखा, पानाच्या बेचक्यात बसून रस पितो. तो सरांच्याच परदेशी झाडांवर होता. दर गुरुवारी मी जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून तो घासून काढायचे. आमच्या चाळीच्या गॅलरीत मी तो कधी बघितला नव्हता. पण हे काकूंना सांगायचं कसं? सात वर्षं मी त्या घरी माळीकाम केलं, सकाळी सात ते दहा. त्या सात वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द 'हो' होता.

सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, काकू त्यांच्या पत्नी. सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. इमारतीचा शेवटचा मजला त्यांचा आणि वरची गच्ची त्यांचीच. आवाज हळू. कधी ओरडले नाहीत. मला 'अगं' म्हणायचे. मी मागच्या जिन्याने चढायचे, सहा मजले. लिफ्ट माझ्यासाठी नाही असं कोणी म्हटलं नव्हतं, फक्त पहिल्या दिवशी मागचा जिना दाखवला होता. माझा कप गच्चीच्या नळाशेजारी विटेवर पालथा असायचा. जात कोणी विचारली नाही. आडनाव विचारलं, तेवढ्यावर भागलं.

सर फुलांचं मीलन करायचे. एका जातिवंत झाडाचे पराग काढून दुसऱ्याच्या फुलाला लावायचे, शेंग धरली तर बी येतं, त्या बीतून काहीतरी नवीन उगवतं. प्रत्येक बी वेगळं, सख्ख्या भावंडांसारखं. त्यांच्या फुलझाडांच्या मंडळातली माणसं रविवारी बघायला यायची. सर समजावून सांगायचे आणि मी परागाची बशी धरून उभी असायचे. बशी धरणाऱ्या बाईला ऐकू येतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मी सगळं ऐकलं. सकाळी ऊन चढायच्या आत करायचं. पराग कोरडा हवा. फुलाच्या दांड्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात, पाचही ठिपक्यांना लागला पाहिजे. मग देठाला दोरा बांधून ठेवायचा, खूण म्हणून.

सरांच्या शेंगा गळायच्या. दरवर्षी. पिवळ्या पडून टपटप खाली. सर म्हणायचे मुंबईची हवा वाईट. हवा वाईट होती की हात, मला काय माहीत. पण गळलेली शेंग झाडून काढायचं काम माझं होतं, त्यामुळे हिशोब मला पाठ होता.

जिन्याखालचं आमचं रोप मी त्याच दिवशी परत घरी नेलं. आईने काही विचारलं नाही. गॅलरीच्या कठड्याला लागून मोठ्या डब्यात लावलं. रोप वाढलं. दीड वर्षात माझ्या छातीला लागलं.

त्या लालचीही एक गोष्ट आहे. माझी आई लालबागच्या एका गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. गिरणी बंद पडली तेव्हा फाटकाजवळच्या कुंपणातली एक काडी मोडून तिने घरी आणली. त्या काडीचं झाड झालं, त्या झाडाच्या फांदीचं हे रोप. गिरणी गेली आणि आईने पुढची एकोणीस वर्षं लोकांची भांडी घासली. तिला तुटलेलं सूत जोडायची एक बारीक गाठ येते. एवढीशी, हाताला लागत नाही, पण ओढली तरी सुटत नाही. ती गाठ तिने मला लहानपणीच शिकवली होती.

आता चोरीबद्दल सांगते, कारण पुढे मला चोर म्हटलं गेलं.

सरांच्या गच्चीत एक पिवळी होती. बशीएवढं फूल, मधे जांभळा डोळा. तिच्यावर सरांचा भारी जीव. काकू सकाळी पूजेला फुलं न्यायच्या, चांगली बघून. अळीने कुरतडलेलं फूल देवाला चालत नाही. ते त्या माझ्याकडे द्यायच्या, "हे कचऱ्यात टाक" म्हणून. एका सकाळी त्या पिवळीचं फूल माझ्याकडे आलं. दोन पाकळ्या अर्ध्या खाल्लेल्या. पण मधला दांडा शाबूत, परागाने भरलेला. मी तो दांडा खुडून काडेपेटीत घातला. कचराच होता तो, मला टाकायला दिलेला. मी परळला नेऊन टाकला, आमच्या लालच्या फुलावर.

गाठ मारली. आईचा पांढरा दोरा, आईची गाठ.

शेंग धरली. गळली नाही. मी रोज बघायचे आणि बघून झालं की भीती वाटायची, कोणाची नजर लागेल अशी नाही, तर आपण काहीतरी नको ते करतोय अशी. दोन महिन्यांनी शेंग वाळली. आत अकरा बिया. झाडाला त्या इमारतीत बंदी होती, बियांना कोण अडवणार? पदराच्या गाठीला बांधून मी त्या मागच्या जिन्याने वर नेल्या आणि सरांच्या बी पेरायच्या ट्रेमध्ये एका कोपऱ्यात टोचल्या. ऊन तिथं चांगलं होतं. आमच्या गॅलरीत सकाळचं एक तास येतं.

आठ उगवल्या. पाच जगल्या, त्या मी कुंड्यांत लावल्या. पावणेदोन वर्षांनी एका रोपाला पहिलं फूल आलं.

कसं सांगू. तांबडं नाही, केशरी नाही. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेचा रंग, कडेला पिवळी किनार, मधे काळसर डोळा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर तसंच उमललेलं. जास्वंद एका दिवसाची असते, हे दोन दिवस टिकलं. मी गच्चीवर एकटी होते. मोठ्याने हसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून असं काही झालं होतं जे आधी जगात नव्हतं.

आणि मी सरांना सांगितलं. सगळं. काडेपेटी, पराग, आमची लाल, दोरा, अकरा बिया. आनंदाच्या भरात माणूस मूर्ख होतो. सरांनी चष्मा पुसला आणि ते फुलाजवळ वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "आणखी कोणाला सांगितलंस?"

"आईला."

"आणखी कोणाला सांगू नकोस."

तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, सर आश्चर्याचा धक्का देणार मंडळाला.

आठवडाभराने त्यांनी मला सांगितलं की नवीन वाणाची नोंदणी करता येते. सरकारी अर्ज असतो, नाव द्यावं लागतं. एका वाणाला एकच नाव. एकदा नोंदलं की बदलत नाही. झाड मेलं तरी ते नाव दुसऱ्या कोणाला मिळत नाही. हे ऐकून मला आई आठवली. माझ्या आईचं नाव गिरणीच्या हजेरीत चुकीचं होतं, रेशन कार्डावर चुकीचं होतं आणि ज्या घरांची भांडी तिने घासली त्या घरांत तर ते कोणाला माहीतच नव्हतं. मी धीर केला.

"सर, नाव माझ्या आईचं ठेवूया का?"

"काय नाव तिचं?"

"पारबता."

सर हसले नाहीत. काकू हसल्या. तुळशीला पाणी घालत होत्या, तांब्या खाली ठेवून हसल्या. "पारबता! अगं, हे फुलाचं नाव आहे की भांडेवालीचं?"

सर म्हणाले, "तसं नाही. पण नावाला काही सौंदर्य लागतं. 'इंदुमती' ठेवतोय मी. माझ्या मातोश्री."

मी मान हलवली. हो म्हणाले. खाली उतरताना चौथ्या मजल्यावर पायरीवर बसले. रडले नाही, नुसती बसले. हातात ब्रश तसाच होता.

मग गिरगावातल्या एका हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन झालं. कुंडी धरायला मला नेलं. सर बोलत होते, त्यांच्या बारा वर्षांच्या साधनेबद्दल, आणि मी टेबलामागे कुंडी उचलून धरली होती, सगळ्यांना दिसावी म्हणून. फोटो काढणारा म्हणाला, "बाई, जरा वाका. चेहरा येतोय." मी वाकले. तो फोटो नंतर मंडळाच्या अंकात आला. फूल आहे, सर आहेत आणि कुंडीखाली दोन हात आहेत. माझे.

त्या सोमवारी सरांनी मला खाली घरात बोलावलं. दिवाणखान्यात. सात वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर भरलेला अर्ज होता आणि त्याच्याबरोबर एक टाइप केलेला कागद.

"इथे सही कर."

मी कागद घेतला. वाचायला लागले. दहावी झालेय मी, पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"वाचायला काय आहे त्यात?"

होतं की. 'सदर वाणाच्या निर्मितीत माझा कोणताही सहभाग नाही. मी केवळ पाणी घालणे व साफसफाई इतपत काम केले आहे.' खाली माझं नाव, पूर्ण, आडनावासकट. सात वर्षांत माझं पूर्ण नाव त्यांनी एकदाच लिहिलं, ते यासाठी.

नजर अर्जावर गेली. पैदासकाराचं नाव: सर. वाणाचं नाव: इंदुमती. त्याखाली दोन रकाने. आधी मादी पालक, मग नर पालक. झाडांच्या कागदात आईचं नाव आधी लिहितात. ज्या झाडाला शेंग लागते ती आई. सरांनी आईच्या रकान्यात त्यांची पिवळी लिहिली होती. बापाच्या रकान्यात लिहिलं होतं: अज्ञात, देशी.

मला आधी कळेचना. मी तर सगळं सांगितलं होतं. मग लक्षात आलं. त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांच्या डोक्यात ते उलटं शिरलं होतं. चाळीतून काही आलं असेल तर ते चिमूटभर परागच असणार. आई त्यांच्याकडचीच असणार. आमच्या गॅलरीत शेंग धरेल, पिकेल, तिथून त्यांच्या गच्चीत काही येईल, ही शक्यताच त्यांना सुचली नव्हती. एवढा शिकलेला माणूस.

"सर, हे चुकलंय. मादी आमची आहे. शेंग आमच्या झाडाला लागली."

सरांनी पेनाला टोपण लावलं. सावकाश. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या घरी?"

"गॅलरीत. तेच झाड, जे मी इथे आणलं होतं."

सर अर्जाकडे बघत राहिले. मला नंतर कळलं का ते. तपासणीला माणूस येतो आणि आईचं झाड दाखवावं लागतं. खोटं निघालं तर नोंद रद्द, आणि मंडळात तोंड दाखवायला जागा नाही. सरांकडे फूल होतं. फुलाची आई नव्हती. त्यांच्याच घराने ती जिन्याखाली ठेवायला लावली होती.

"उद्या घेऊन ये ते झाड," सर म्हणाले. "पुढच्या लिफ्टने आण. जड असेल."

मी त्यांच्याकडे बघितलं, मग काकूंकडे.

"कीड येईल, सर."

माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. ठरवून म्हटलं नव्हतं. आवाज चढला नव्हता.  कागद मी टेबलावर ठेवला, सही न करता, आणि मागच्या जिन्याने उतरले. एकदाही न थांबता. खरं सांगते, भीतीच होती ती. शूरपणा काही नव्हता.

मला वाटलं आता काढतील कामावरून. काढलं नाही. त्याहून वाईट झालं. ते चांगले वागायला लागले.

काकूंनी मला टेबलाशी बसवून चहा दिला, नक्षीच्या कपात. विटेवरचा कप नाहीसा झाला. सरांनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. वॉचमन म्हणाला, "ताई, लिफ्टने जा, सांगितलंय वरून." मी जिन्यानेच गेले. रोज काहीतरी गोड व्हायचं आणि रोज माझी भीती वाढायची. एक दिवस सरांनी सहज विचारलं, "तुमची खोली कितव्या मजल्यावर?" मी सांगितलं. सात वर्षांची सवय, विचारलं की सांगायचं. जिना उतरून खाली आल्यावर कळलं, मी काय सांगून बसले.

शनिवारी दुपारी मी दुसऱ्या कामावरून घरी आले. दाराबाहेर काकूंच्या चपला. गॅलरीत त्यांचा ड्रायव्हर, पायाशी मोठं खोकं.

आत काकू आमच्या कॉटवर बसल्या होत्या. आमच्या कपातून चहा पीत होत्या. बशीत ओतून, सावकाश. आईचा चेहरा फुलला होता.

"बघ की गं, बाई किती लांबनं आल्यात. पेढे आणलेत."

"मावशी किती छान चहा करतात," काकू म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"त्यास्नी ते झाड पायजे," आई म्हणाली. "म्या म्हनलं न्या की. झाडाचं काय, परत येतंय."

मी बाहेर आले. ड्रायव्हरने डबा उचलला होता. वर्तमानपत्र नव्हतं. दोन्ही हातांनी, छातीशी धरून उचलला होता.

"खाली ठेवा."

"मॅडम बोलल्या..."

"खाली ठेव म्हटलं ना."

त्याने ठेवला. काकू दारात आल्या. "अगं, मावशींनी प्रेमाने दिलंय. तू मध्ये का येतेस?"

"फांदी देते, काकू. फांदीने काम होतं. सरांना माहीत आहे."

"नको. मूळ झाडच आणायला सांगितलंय. इथे मागे काही राहायला नको म्हणाले."

बोलून गेल्या. शेजारची दोन दारं उघडली होती, बाया बघत होत्या. इथे मागे काही राहायला नको. हे वाक्य मी आजपर्यंत किती वेळा मनात ऐकलंय याची गणती नाही.

मग मी आईला सांगितलं. काकूंच्या समोर, गॅलरीतच. फूल कोणी केलं, अर्जावर कोणाचं नाव आहे, मला कशावर सही करायला सांगितली. शेवटचं तोंडातून निघत नव्हतं. तेही सांगितलं. "मी तुझं नाव सुचवलं तर या म्हणाल्या, हे फुलाचं नाव आहे की भांडेवालीचं."

 आईच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होईना. जगात सगळ्यांनी तिचा अपमान केला तो वेगळा, आज तो तिच्या कानावर मी घातला होता. काकू पुटपुटल्या, "मी गमतीत..."

"चा संपवा," आई म्हणाली. "टाकू नगा."

काकू उभ्या. हातात आमची बशी. त्यांनी चहा संपवला, काय करणार. आईने बशी आणि कप घेतले, मोरीत नेले, विसळले, पालथे घातले. बाहेर येऊन म्हणाली, "व्हय, भांडीच घासली म्या. तुमच्यासारख्यांचीच. आता उठा बाई. झाड हितंच ऱ्हाईल."

जिन्यात काकू वळल्या. गोडवा एका पायरीत संपला. "आमच्या टेरेसवरचे पराग चोरलेस तू. चोरी म्हणतात याला. सर गप्प बसतील असं समजू नकोस. तुमच्या चाळीच्या कमिटीतही ओळखी आहेत आमच्या."

"कचरा होता, काकू. तुम्हीच टाकायला दिलेला."

सोमवारी वॉचमनने मला गेटवरच थांबवलं. गच्चीचं कुलूप बदललं होतं. माझा ब्रश आणि खुरपं पिशवीत घालून त्याने बाहेर दिलं. मान खाली घालून.

मी नोंदणीच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "अर्ज जाहीर झाला की हरकत घेता येते, ताई. आईचं झाड तुमच्याकडे आहे?"

"आहे."

"मग ते जपा. झाड गेलं की तुमचं म्हणणं गेलं."

चार दिवसांनी आमच्या चाळीच्या फळ्यावर नोटीस लागली. गॅलरीतले सगळे डबे, कुंड्या, रोपं आठ दिवसांत हटवावीत, न हटवल्यास उचलून नेली जातील. तीस वर्षांत अशी नोटीस लागली नव्हती. कोणी लावली विचारलं तर कमिटीतले एकमेकांकडे बघतात. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि गॅलरीचे फोटो काढून गेली. आमच्या दारासमोर जास्त वेळ थांबली. एकाने पान तोडून खिशात घातलं.

सर अर्ज मागे घेणार नाहीत. आता मला ते कळलंय. मातोश्रींचं नाव जाहीर झालंय, टाळ्या झाल्यात. ते आईच्या रकान्यात काहीतरी लिहितील, एखादी लाल कुठून तरी पैदा करतील. आणि खरी लाल जगात नसेल तर खोटी कोण ओळखणार?

म्हणून मी झाड कापलं. स्वतः. आई कात्री धरून शेजारी बसली होती. चौदा काड्या केल्या. आमच्या मजल्यावरच्या अकरा घरांत एकेक दिली, तीन खालच्या मजल्यावर. प्रत्येक काडीला आईने दोरा बांधला, तिची ती गाठ मारून. बायांना सांगितलं, गॅलरीत नको, आत ठेवा, ओट्यावर, खिडकीत, मोरीच्या कट्ट्यावर, जिथे उजेड येईल तिथे. कोणी नाही म्हटलं नाही. उरलेलं खोड डब्यासकट आम्ही घरात घेतलं. कॉटच्या पायाशी आहे. त्याच्यावर एका जागी जुन्या शेंगेचं वाळलेलं देठ अजून आहे, दोऱ्यासकट. ते मी कोणाला हात लावू देत नाही.

मला काय मिळणार, हे मी स्वतःला फसवून सांगत नाही. ते फूल माझ्याकडे नाही. ते त्या गच्चीवर आहे, नव्या कुलपाच्या आत. पुन्हा शंभर वेळा पराग लावला तरी ते फूल येणार नाही, दुसरंच काही येईल. कोणाच्या हातून त्याला आता पाणी मिळतं मला माहीत नाही. पिठ्या ढेकणाला ब्रश कोण लावतं, तेही नाही.  लेकरू त्यांच्याकडे आणि आई माझ्याकडे, असं झालंय.

पण एक आता पक्कं आहे. त्या फुलाला नाव मिळालं तर ते पारबता मिळेल, आणि आईच्या रकान्यात आमची लाल येईल. तसं झालं नाही तर मी त्याला दुसरं कुठलंही नाव लागू देणार नाही. हरकतीमागून हरकत घालीन. ते बिननावाचं राहिलं तरी राहू दे. बिननावाचं राहून आम्ही मेलो नाही. खोट्या नावाने मात्र ते फूल मी जगू देणार नाही.

आज नोटिशीचा सहावा दिवस आहे. सकाळपासून खाली एक टेम्पो उभा आहे. चालक आत बसून मोबाइल बघतोय, त्याला काही घाई दिसत नाही. मी डब्यातल्या खोडाची माती मोकळी केली, पाणी घातलं आणि हरकतीचा अर्ज भरायला बसले. पैदासकार: माझं नाव, पूर्ण. नर पालक सगळ्यात शेवटी लिहिला. त्याआधी, मादी पालक या रकान्यात लिहिलं: लाल जास्वंद, पारबताबाईंच्या गॅलरीतली, परळ.

सहीच्या जागी मातीची बोटं उमटली. आई म्हणाली, "हात धुवून ये की, कागद खराब हुतोय."

मी हात धुतले नाहीत. तशीच सही केली.